मोहीम डाव्या दारावरील पट्टीची

श्री. मौजे पळसवाडी तांडा, तालुके दारव्हा, जिल्हे यवतमाळ, येथील राजमान्य राजश्री धावजीराव आडे यांचे जुने मोटारीचे अंगावरील पट्ट्या, मुठी, आरसे व अक्षरे उतरवून ती मोटार नवे रंगास योग्य करावयाची जी मोहीम शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, वैशाख वद्य पक्षी जाहली, तीत कोण लढले, कोण पडले, कोणी दगा केला आणि अखेर किल्ली कोणाचे हाती गेली, हे साद्यंत लिहून ठेवणे जरूर जाहले. कारण की, खुद्द धावजीराव ही हकीगत चावडीवर सांगतात तेव्हा तीत डाव्या मागच्या दाराचा उल्लेखच येत नाही. बखरकाराने त्यांचे घरचे मटण अनेक वेळा खाल्ले आहे, सबब त्यांचा मान राखूनच लिहिणे आहे; तथापि ते मटण शिजविले बिजलीबाईंनी, हेही ध्यानी ठेवणे आहे.

धावजीरावांचे आजे-पणजे बैलांचे पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामुलुखातून लदेणी नेणारे. आघाडीस जो बैल चाले त्याची शिंगे रंगवीत, गळा घंटा बांधीत, कपाळी कवड्यांची पट्टी व पाठीवर आरशांची झूल घालीत, आणि मागील शे-दोनशे बैल त्याचे चालीने चालत. ते दिवस गेले, तांडा एके जागी बसला, शेते जाहली, कापूस-सोयाबीन जाहले. परंतु पुढचे जनावर सजवावयाची हौस रक्तातून गेली नाही. सबब धावजीरावांनी सन एकोणीसशे नव्याण्णवची चार दारांची करड्या रंगाची मोटार घेतली, आणि घेताच तिचे अंगावर अलंकार चढविण्यास प्रारंभ केला. छपराचे नाळीत रबर घातले, दारांस चकचकीत मुठी लाविल्या, आरशांस चांदीवर्णी टोप्या दिधल्या, आणि डिकीवर पितळी रंगाची ठळक अक्षरे बसविली, त्यात 'धावजी' ऐसे नाम वाचावे. मोटार चाले तेव्हा स्वतः हुजूर एक कोपर खिडकीबाहेर काढून बसत, आणि बिजलीबाई मागे पिशव्या मांडीवर घेऊन बसत. हा दरबारी रिवाज चौदा वर्षे बिनतक्रार चालला.

आता मूळ कलहाची हकीगत. शके एकोणीसशे तेहेतिसात बिजलीबाई, म्हणजे धावजीरावांचे कुटुंब, यांचे मनात मोटार चालविणे शिकावे ऐसे आले. धावजीरावांनी उदार होऊन बारा दिवस माळावर शिकविले. तेराव्या दिवशी प्रातःकाळी बाईसाहेब एकट्याच मोटार घेऊन फाटकाबाहेर निघाल्या, तो चाकाखाली धोंडा येऊन धक्का बसला, आणि त्या घाबरून उतरून पाहतात तो डाव्या मागच्या दारावर वीतभर लांब पोच, चिखलाने भरलेली. फाटकाचा सागवानी खांब जवळच होता. धावजीराव धावत आले, दाराकडे पाहिले, खांबाकडे पाहिले, आणि कपाळास हात लावून सर्व तांड्यास ऐकू जाईल ऐसा शोक केला. लागलीच त्यांचेच ओसरीवर पंच बसले. चहा जाहला, सुपारी जाहली, मग तांड्याचे नायक बाबूसिंग यांनी निवाडा फर्माविला तो येणेप्रमाणे: ज्याचे हातून ही पोच पडली, त्याने ही पोच मोटारीवर आहे तोवर स्टेअरिंगास हात लावू नये. निवाडा झोकदार होता, पंच खूश जाहले, आणि बाबूसिंग स्वतःचे शब्दांवर स्वतःच मान डोलवीत दुसरा चहा प्याले. बिजलीबाईंस काही पुसावे ऐसे कोणाचे चित्तात आले नाही. त्या चहा करीत होत्या.

आता जी गोष्ट धावजीराव आणि परमेश्वर या दोघांसच ठाऊक होती ती लिहितो. आदले दिवशी भर दुपारी, तांडा जेवून आडवा जाहला असता, धावजीराव एका हाती मोबाइल कानास लावून दुसरे हाती मोटार मागे घेत होते, आणि मागे लिंबाखाली खुद्द बाबूसिंग नायकांची निळी ट्रॉली उभी होती. ट्रॉलीचा कोपरा डाव्या मागच्या दारात शिरला आणि तिचा तांबडा रिफ्लेक्टर फुटला. धावजीरावांनी चहूकडे पाहिले, कोणी नाही, मग मोटार घरी आणून पोचेची बाजू भिंतीस लावली, दारावर जो निळा ओरखडा उमटला होता त्यावर ओला चिखल थापला, आणि उदईक काय घडते याची वाट पाहत बसले. उदईक बाईसाहेबांचे चाकाखाली धोंडा आला. दैव अनुकूल असले म्हणजे धोंडाही चाकरीस येतो, ऐसे त्यांस वाटले असावे. इकडे बाबूसिंगांनी रिफ्लेक्टराचा दोष एका मोकाट सांडावर ठेविला आणि त्या सांडास ते चौदा वर्षे शिव्या देत आले. सांड मरूनही नऊ वर्षे जाहली होती.

मग धावजीरावांस पेच पडला. पोच भरून काढावी तर निवाडा सुटतो, उघडी ठेवावी तर चिखल गळून निळा रंग दिसतो. सबब त्यांनी दुसरेच दिवशी यवतमाळाहून पंजाभर रुंद काळी पट्टी आणिली आणि गोंदाने पोचेवर चिकटविली, आणि एकाच पट्टीचा संशय येऊ नये म्हणून चारी दारांस चिकटविली. एका पापापायी तीन निरपराध दारे झाकली गेली. लोक म्हणाले, मोटारीस शोभा आली. पोच पट्टीखाली सुखरूप राहिली, निवाडाही राहिला.

बिजलीबाईंचे काय जाहले? त्यांस स्वतःसच खरे वाटले. मोटारीची किल्ली दाराजवळील खुंटीवर लटके, आणि त्या झाडलोट करिताना खुंटीखालून जात, परंतु हात वर करीत नसत. दारव्ह्याचे बाजारास काळीपिवळी जीपने जात, दहांचे जागी सतरा बसलेले, कधी मागे लोंबकळत. एके समयी महागावी त्यांची माय पडून पाय मोडून दवाखान्यात पडली. धावजीराव त्या दिवशी दुसऱ्याचे गाडीने लग्नास गेले होते, मोटार अंगणात उभी होती, आणि बाई तीन जीपा बदलून सांजवेळी पोचल्या, तेव्हा म्हातारी वाट पाहून निजली होती. ती गोष्ट बाईंनी कोणास सांगितली नाही. परंतु गेले हिवाळ्यात यवतमाळी लेक ममता इचे घरी महिनाभर राहिल्या आणि ड्रायव्हिंगचा क्लास करून लायसन घेऊन आल्या. धावजीरावांनी लायसन उलटसुलट पाहिले, फोटो बरा आला आहे ऐसे म्हटले, आणि मग खेदपूर्वक निवाड्याची आठवण दिली. "लायसन असू दे ना," म्हणाले, "पन पोच हाय ना गाडीवर. नायकाचा शब्द मी कसा मोडू?" बाईंनी लायसन बटव्यात ठेविले. पोच कशी नाहीशी होईल याची मसलत त्या दिवसापासून त्यांचे मनी सुरू जाहली.

संधी चालून आली ती ऐसी की, मोटारीचे पासिंग जवळ आले आणि तिचा रंग पापुद्रे सोडू लागला. रंग देणे भाग पडले. धावजीरावांनी लोहाऱ्याचे औद्योगिक वसाहतीतील संघर्ष पेंटर यांजकडे फोन केला, आणि पट्ट्या आहेत तैशाच ठेवून, त्यांवर कागद व टेप लावून फवारा मारावा, ऐशी सूचना मोठ्या खुबीने केली. संघर्ष पेंटर हा आपले कामात कोणाचे बापाचेही न ऐकणारा. त्याचे उत्तर आले की, पट्टीचे कडेस रंग धरत नाही, पहिल्याच पावसात कडा सुटते, पाणी आत शिरते आणि लोक नाव माझे घेतात. सबब अंगावर एक पट्टी, एक अक्षर, एक मूठ राहिली तरी मोटार दारातून परत जाईल, आणि काढावयाचे काम तुम्ही घरीच करून आणावे, येथे लग्नसराईच्या गाड्यांची रीघ आहे. फोन स्पीकरवर होता आणि बाई जवळच ज्वारी निवडीत होत्या. धावजीरावांनी फोन ठेविला आणि त्यांस एकाएकी घाम फुटला. ऊन होतेच, त्यामुळे कोणास विशेष वाटले नाही.

वैशाख वद्य प्रतिपदा, भौमवासरी मोहिमेचा आरंभ जाहला. पहिले दिवशी सेनापतिपद धावजीरावांनी स्वतः घेतले. हेतू हा की, मोहीम आपले हाती असली म्हणजे कोणता किल्ला घ्यावा आणि कोणता सोडावा हेही आपले हाती. पेंचिस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, पाने आणि हातोडी ऐसा सरंजाम घेऊन ते डिकीवर चालून गेले. पेंचिस अक्षराखाली घालून जोर दिधला, तो 'जी' हे अक्षर तुटून नालीत पडले आणि डिकीस नखाएवढा चरा गेला. नावातील मान प्रथमच गळाला, हा अपशकुन होता, परंतु त्यांचे ध्यानी आला नाही. मग ते वायपरकडे वळले. वायपराचा नट गंजून एकजीव जाहला होता, त्यावर घासलेट ओतले, पाना सुटला, बोट सोलले. छपराचे नाळीतील रबर ओढता मधोमध तुटले. दारांचे मुठींच्या प्लास्टिकच्या क्लिपा कट्ट कट्ट करून एकामागून एक कामास आल्या. सायंकाळी सात क्लिपा, एक अक्षर व एक बोट इतके जायबंदी, आणि हस्तगत काय, तर एक वायपर. धावजीरावांनी कपाळ पुसून फर्माविले की, जुनी गाडी अशीच असते, अधिक काढू जाल तर दारेही हाती येतील, सबब येथेच तह करावा.

बिजलीबाईंनी तह नामंजूर केला. दुसरे दिवशी त्यांनी सेनापतिपद मागितले नाही, नुसते कामास लागल्या, आणि सेनापतिपद आपोआप त्यांचेकडे गेले. त्यांची युद्धनीती निराळी होती. प्रथम त्यांनी मोटार सावलीतून काढून अंगणाचे मधोमध उन्हात उभी केली, म्हणजे ढकलीत नेली, कारण निवाडा होता. वैशाखाचा सूर्य यवतमाळ प्रांती कसा तापतो हे ज्यास ठाऊक तो जाणे. अकरापासून दोनपर्यंत पत्र्यावर पापड भाजावा ऐसा ताव चढला आणि चौदा वर्षांचा गोंद आतून मऊ जाहला. मग ममताने धाडलेली केस वाळवावयाची मशीन लांब वायरीवर आणून तिचे गरम वाऱ्याचा मारा पट्टीचे टोकापासून सुरू केला. टोक सुटताच बिजलीबाईंनी मासे धरावयाचे गळाची तंगूस, म्हणजे ती न तुटणारी नायलॉनची दोरी, पट्टीमागे सरकविली, दोन्ही टोके बोटांस गुंडाळली, आणि करवतीप्रमाणे मागे-पुढे ओढीत गोंद कापीत चालल्या. कशिद्याचे टाके घालणारा हात तो. घाई नाही, जोर नाही, आणि पत्र्यास चरा नाही. पाव घटकेत उजव्या पुढच्या दाराची पट्टी सगळीच्या सगळी हाती आली.

याहून अधिक महत्त्वाची गोष्ट त्यांनी केली ती कापडाची. घरी एक लाल जाड कापड होते, त्यावर त्या आरसे व कवड्या टाचीत असत. त्यावर त्यांनी खडूने मोटारीचे चित्र काढिले, चार दारे, छप्पर, नाक आणि डिकी. आणि जो जो अलंकार निघे, त्याचा स्क्रू, त्याची क्लिप, त्याची वाटी त्याच जागी दोऱ्याने टाचून ठेवीत गेल्या, आणि काढलेल्या पट्टीचा एक बोटभर तुकडाही त्या त्या दाराचे जागी टाचीत गेल्या. धावजीरावांनी हे पाहून तुच्छतेने हसून म्हटले की, हे काय बायकांचे भरतकाम, मी डब्यात टाकतो तैसे टाकावे. त्यांचे डब्यात बत्तीस स्क्रू होते आणि एकाही स्क्रूचे गाव-शीव कोणास सांगता येत नव्हते. लाल कापडाने आपला घात होणार हे त्या समयी त्यांचे स्वप्नीही नव्हते.

तिसरे दिवशी उजवे मागचे दार आणि डावे पुढचे दार पडले. आरसे उतरले, मुठी उतरल्या, डिकीवरील बाकीची अक्षरे उतरली, उरले नाळीचे रबर साबणपाण्याने अलगद निघाले. आता एकच ठाणे बाकी राहिले, ते डावे मागचे. बाई तूर भरडून आणावयास गेल्या इतक्यात धावजीरावांनी डाव साधिला. पट्टीवर वर्तमानपत्र लाविले, त्यावर पेंटरांचा कागदी टेप चार पदरी लाविला, कडा ऐशा सफाईने बसविल्या की तेवढी सफाई त्यांचे हातून आयुष्यात दुसरी जाहली नाही. बाई परत येताच त्यांनी गंभीर मुद्रेने सांगितले की, ही पट्टी पत्र्यात रुतली आहे, ओढू जाता दार फाटेल, पेंटराशी बोलणे जाहले आहे, तो एवढीपुरती राजी आहे. बोलणे जाहले नव्हते. बाईंनी टेपाकडे पाहिले, मग धावजीरावांचे सोललेले बोटाकडे पाहिले, आणि कापडावर डाव्या मागच्या दाराची जागा रिकामी ठेवून दोरा दाताने तोडिला. मग त्यांनी बाबूसिंग नायकांस निरोप धाडिला की, शनिवारी लोहाऱ्यास चलावे, पोच भरली जाते ती आपले डोळ्यांनी पाहून निवाडा उठवावा, वाटेत कचोरीचीही सोय आहे. बाबूसिंग कचोरीचे नावाने सकाळी सातालाच धोतर सावरून हजर जाहले.

वद्य पंचमी, मंदवासरी फौजेने लोहाऱ्याकडे कूच केले. धावजीराव पुढे, बाबूसिंग मागे, बाई मागे, मांडीवर लाल कापड. मोटारीचे आरसे काढलेले असल्यामुळे पिछाडीची खबर ठेवण्याचे काम बाबूसिंगांकडे दिधले, आणि ते मान मागे वळवून "ट्रक येऊन राह्यला, जाऊ दे त्याले," ऐसे पुकारीत चालले. बारा कोसांत त्यांची मान लचकली. धावजीराव वाटेत एक शब्द बोलले नाहीत. ज्यांनी त्यांस कधी गप्प पाहिले नव्हते ते बाबूसिंग म्हणाले, "धावजी, तब्येत बरी हाय ना?" आणि धावजीराव उत्तरले की, ऊन लागले आहे.

लोहाऱ्याचे पत्र्याचे शेडात संघर्ष पेंटर यांनी मोटारीभोवती एक फेरी मारिली. तो डोळ्यांनी कमी पाही आणि तळहाताने अधिक. हात फिरवीत फिरवीत डाव्या मागच्या दाराशी आला आणि थांबला. मग बाईंनी लाल कापड बॉनेटवर पसरले. पेंटराने ते पाहिले मात्र, त्याचा चेहरा उजळला, म्हणाला, "काकू, माह्या शेडात असं काम कोनी करत नाई." आणि बोट फिरवीत फिरवीत एके जागी आला जेथे कापड कोरे होते. चार दारांपैकी तीन जागी पट्टीचे तुकडे, चौथी जागा बोडकी. बोडके जागेवर बोट ठेवून त्याने धावजीरावांकडे पाहिले. इतके दिवस ज्या भरतकामास हसले, त्याने एक शब्द न बोलता साक्ष दिली.

धावजीरावांनी तीन वकिलाती केल्या. पहिली ही की, पट्टी शोभेची आहे, राहू द्यावी. दुसरी ही की, दार फाटेल. तिसरी ही की, आजचा दिवस चांगला नाही, पौर्णिमेनंतर पाहू. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. संघर्ष पेंटर यांनी फवाऱ्याचे पिस्तूल खुंटीस अडकविले आणि हात बांधून फर्माविले, "काका, हे पट्टी नाई निघाली त मी रंग कालवत नाई. घिऊन जा गाडी." बाबूसिंगांची कचोरी अजून व्हावयाची होती, सबब तेही म्हणाले, "काढून टाक ना धावजी, कायले आढेवेढे घेतं?" तेव्हा बिजलीबाईंनी कमरेचे बटव्यातून तंगूस काढिली, आणि धावजीराव व दार यांचेमध्ये जी हातभर जागा होती तीत जाऊन उभ्या राहिल्या. धावजीरावांस मागे सरणे प्राप्त जाहले.

टेप निघाला, वर्तमानपत्र निघाले, पेंटराने गरम वारा मारिला, आणि बाई दोरी ओढू लागल्या. या पट्टीचा गोंद इतरांहून दुप्पट होता. भयाने लाविलेला गोंद तैसाच असावयाचा. दोरी एकदा तुटली, दुसरी गुंडाळिली. बोटांस वळ पडले. धावजीरावांची नजर दाराकडे नव्हती, शेडाचे पत्र्यात एक भोक होते त्याकडे होती. शेवटी फर्रर ऐसा आवाज होऊन पट्टी जमिनीवर पडली, आणि चौदा वर्षांनी पोचेस उजेड दिसला. पोचेचे मधोमध वीतभर निळा ओरखडा, काल काढावा ऐसा ताजा. आणि गोंदात रुतलेला तांबड्या प्लास्टिकाचा एक तुकडा, नखाएवढा. तो तुकडा धावजीरावांसही ठाऊक नव्हता.

बाई आधी समजल्याच नाहीत. म्हणाल्या, "आमचा खांब त सागाचा हाय. निळा कुठून आला?" संघर्ष पेंटर याने वाकून ओरखड्यावर अंगठा फिरविला आणि शांतपणे सांगितले, "हा लाकडाचा घाव नाई, काकू. लाकूड लागलं त गाडीचा रंग लाकडावर जाते. इथं दुसऱ्याचा रंग गाडीवर आला हाय. हे लोखंड हाय, आन रंगवेल हाय." मग त्याने तांबडा तुकडा चिमट्याने काढून तळहातावर ठेविला. बाबूसिंग नायक जवळ आले. त्यांनी तुकडा हाती घेतला, उजेडाकडे धरिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. लचकलेली मान तेथेच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा माह्या ट्रॉलीचा हाय." आणखी वेळाने म्हणाले, "मंग सांड?"

धावजीराव म्हणाले, "लिंबाखाली जागा लय अरुंद होती."

इतके म्हणून त्यांनी आपण काय म्हणालो हे ऐकिले, आणि खाली पाहिले. बखरकाराने त्यांचे मीठ खाल्ले आहे, तरी लिहिणे भाग आहे की त्या समयी त्यांचे तोंड पाहवत नव्हते. बिजलीबाई ओरडल्या नाहीत. हातातील दोरी सोडवीत, एकेक वेढा काढीत बोलल्या, आणि घरी गोरबोलीत, म्हणजे तांड्याचे बोलीत, बोलणाऱ्या बाई येथे सर्वांस समजावे म्हणून वऱ्हाडीत बोलल्या. "चौदा वरसं मी त्या खांबाजवळून गेली का माह्या मनात येये, माह्या हातातच खोट हाय. महागावले माय दिवसभर दाराकडं पाहून राह्यलती. मी जीपा बदलत राह्यली. किल्ली खुट्याले होती, मी हात लावला नाई. तुमाले माहीत होतं."

कंप्रेसर तेवढा सुस्कारे टाकीत होता. अखेर बाबूसिंगांनी नायकपणास शोभेल ऐसा तोडगा काढिला की, जाहले ते जाहले, पोच भरून टाकावी, वर रंग मारावा, निवाडा आपोआप उठतो, बाई मोकळ्या, धावजीही मोकळा, आणि गोष्ट शेडाबाहेर जाऊ नये. धावजीरावांनी प्रथमच मान वर केली. त्यांस वाटले, वाचलो. संघर्ष पेंटर पुट्टीचा डबा घ्यावयास वळला, तो बाईंनी हात आडवा केला आणि पुढील हुकूम दिधला: मोटार सगळी रंगवावी, छप्पर, बॉनेट, चारी दारे, एक बोटभर जागा सुटू नये, परंतु ही पोच भरू नये, निळा ओरखडा पुसू नये, वर पट्टी लावू नये. नायकांचे तोंडचा निवाडा आहे, तो मोडावा ऐसा अधिकार आपणास नाही. ज्याचे हातून ही पोच पडली, त्याने ही पोच मोटारीवर आहे तोवर स्टेअरिंगास हात लावू नये. मग त्या बाबूसिंगांकडे वळून म्हणाल्या, "नायक, तुमचाच शब्द हाय. का बदलता?"

बाबूसिंग मोठ्या संकटात पडले. शब्द बदलावा तर नायकपण जाते, राखावा तर बालमित्र जातो. त्यांनी हातातील तांबड्या तुकड्याकडे पाहिले, आणि त्यांस तो सांड आठवला. चौदा वर्षांतील नऊ वर्षे मेलेल्या जनावरास शिव्या दिल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला आणि निवाडा कायम केला. धावजीराव म्हणाले की, चौदा वर्षे मी चालवीतच आलो आहे. त्यावर बाबूसिंगांनी फर्माविले की, तोही गुन्हा जमेस धरिला आहे. संघर्ष पेंटर याने एवढेच पुसले की, उघडी पोच गंजेल, वर बिनरंगाचा लॅकर मारू काय, म्हणजे दिसेल तर सगळे आणि गंजणार काही नाही. बाईंनी परवानगी दिधली. परतीचे वेळी तिघेही बसने आले, आणि कचोरी कोणास आठवली नाही.

वद्य त्रयोदशी, आदित्यवारी मोटार तयार जाहली. रंग मोतिया, ऐसा की शेडातला पंखा तीत फिरताना दिसे. बाईंनी लाल कापड पसरून एकेक टाका उसवीत एकेक स्क्रू, एकेक क्लिप जागचे जागी धाडिली. एकही चुकली नाही, एकही उरली नाही. धावजीरावांचे डब्यातील बत्तीस स्क्रूंपैकी अकरा अद्याप बेवारस आहेत. पट्ट्या पुन्हा लाविल्या नाहीत. डिकीवरील अक्षरांचे काय करावे ऐसे पेंटराने पुसले, तेव्हा बाईंनी ती कागदात बांधून धावजीरावांचे हाती दिधली. मग धावजीरावांनी खिशातून किल्ली काढिली. तळहातावर ठेविली. क्षणभर मूठ मिटली, हे सर्वांनी पाहिले. मग उघडली, आणि किल्ला हवाली करावा तैशी ती किल्ली दिधली. स्वतः मागे डावे बाजूस बसले, नेमके त्या दाराशी, मांडीवर पिशव्या. चढताना दार धरिता हात पोचेस लागला, तो त्यांनी मागे घेतला.

बिजलीबाईंनी लोहाऱ्याहून दारव्ह्यापर्यंत आणि दारव्ह्याहून तांड्यापर्यंत मोटार आणिली. सुरुवातीस दोनदा बंद पडली, घाटाशी एकदा गिअर कण्हला; मागून कोणी सल्ला दिला नाही, देण्यास तोंड उरले नव्हते. भर दुपारी तांड्यात शिरल्या तेव्हा माणसे ओसरीवर आली. लिंबाखाली बाबूसिंगांची निळी ट्रॉली तेथेच उभी होती, अर्धा रिफ्लेक्टर घेऊन. बाई घराकडे वळल्या नाहीत. त्यांनी मोटार पुढे नेली, थांबविली, दोन्ही आरशांत पाहिले, आणि दोन्ही हात स्टेअरिंगावर ठेवून हळूहळू मागे घेतली, जेथे चौदा वर्षांपूर्वी ती गेली होती तेथेच, आणि ट्रॉलीपासून एक वीत सोडून उभी केली. जागा अरुंद नव्हती. बाबूसिंगांनी मधे हात घालून ती वीत मोजली, आणि धावजीरावांनीही खिडकीतून पाहिली.

येणेप्रमाणे डाव्या दारावरील पट्टीची मोहीम तेरा दिवसांत फत्ते जाहली. कामास आले: क्लिपा सात, अक्षर एक, छपराचे रबर एक, तंगूस एक वेळ. हस्तगत जाहले: मुठी चार, आरसे दोन, पट्ट्या चार आणि चौदा वर्षे. फाटकाचा सागवानी खांब निर्दोष ठरला. मृत सांडासही दोषमुक्त करण्यात आले. किल्ली खुंटीवर गेली नाही, बाईंचे बटव्यात गेली, आणि उदईक तीच मोटार महागावी म्हातारीकडे गेली. लाल कापडावर जी जागा रिकामी होती, तेथे बिजलीबाईंनी तो तांबडा तुकडा दोन आरशांचे मधोमध टाचिला आहे. कापड ओसरीवर टांगले आहे, आणि धावजीराव चहा पितात तेव्हा त्याकडे पाठ करून बसतात.